काचेच्या दाराचं मशीन

"आपलं कापड आपण पिळावं गं. दुसऱ्याच्या मनगटाला त्रास कशाला?"

लग्न होऊन आले त्याच्या पहिल्याच सकाळी सासूबाईंनी मोरीत उभं राहून मला हे सांगितलं होतं. स्वतःचा साधा रुमालसुद्धा त्यांनी कधी कुणाला धुऊ दिला नाही.

आता त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. लघवी आवरत नाही. घरच्या मशीननं जाड चादरींपुढे मान टाकली, तेव्हापासून त्या मी हातानं धुऊ लागले. मग त्यांनी आपल्या परीनं तोड काढली. पाणी पिणंच सोडलं. ओठ सुकले, जीभ जड झाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, असंच चाललं तर मूत्रपिंडं हातची जातील.

"आई, घोटभर तरी घ्या."

"तुझ्या हाताला माझ्या चादरीचं पाणी लागायचं थांबू दे, पोटभर पिईन. शब्द दिला."

म्हणून आम्ही दोघं नवराबायको नवं मशीन बघायला दुकानात गेलो.

"तीन माणसांना हे धंद्याचं मशीन कशाला, काकू?" तिथली मुलगी म्हणाली. "हे पार्लरवाले नेतात, हॉस्टेलवाले नेतात."

"माणसं तीनच, पण चादरी हॉस्टेलच्या," हे म्हणाले. जीव कासावीस झाला की यांना विनोद सुचतात.

कारण कळल्यावर तिनं मनापासून दाखवलं. अंगानं लहानखुरं मशीन, पण आत जाड स्टीलचा ड्रम. आधी नुसत्या पाण्यात घुसळून घाण बाहेर टाकणार, मग कडकडीत पाण्यात धुणार, तेही तासाच्या आत. हात लावायला नको.

"वर बसवायच्या ड्रायरची वाफ बाहेर सोडायला भिंत फोडायची का?" यांनी टेप काढत विचारलं.

"नाही काका. वाफेचं पाणी आतल्या डब्यात जमतं, तेवढा डबा रिकामा करायचा."

दुसरं एक होतं, वरून उघडणारं, पत्र्याच्या झाकणाचं. पण त्यावर ड्रायर चढत नव्हता. तो शेजारी ठेवायचा तर सासूबाईंची खिडकीजवळची खाट हलवावी लागली असती. खिडकीशिवाय त्यांचा दिवस कसा सरणार? मी एकावर एक बसणारी जोडी घेतली.

ती मोरीबाहेर बसली, सासूबाईंच्या दारासमोर. पहिलंच धुणं लावलं आणि डागाळलेली चादर गोल काचेत फिरू लागली.

"अगं, बंद कर ते! माझी अब्रू गरगर फिरतेय तिथं."

"टीव्ही समज, आई," हे म्हणाले.

"मेल्या, मग तुझी चड्डी लाव टीव्हीवर!"

हसलो सगळेच. पण उशाजवळचं पाण्याचं भांडं भरलेलंच राहिलं.

"शब्द दिला होतात," मी हळूच म्हटलं.

"तुझ्या हाताचं भागलं गं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांचं काय?"

रोज पहाटे नामस्मरणाला मी एक पांढरी सुती शाल पांघरते. ती कधी दुसऱ्या कपड्यांत मिसळत नाही, वेगळ्या बादलीत धुते. सासूबाईसुद्धा तिला बोट लावत नसत. दुसऱ्या दिवशी जप आटोपून उठले. त्यांची चादर मशीनमध्ये टाकली, खांद्यावरची शाल काढून तिच्यावर ठेवली आणि दार लावलं.

"अगं अगं, शुद्धीवर आहेस का? तुझी जपाची शाल ती!"

"मळली होती, आई."

"आणि तुझा नेम?"

"माझा नेम कशानं मोडतो, ते मला ठाऊक आहे."

काचेत चादर आणि शाल एकमेकींत गुंतून फिरत होत्या. फेस चढला, मग कुठलं काय ते ओळखूच येईना. इतक्यात शेजारीण वाटीभर साखर मागायला आली. मशीनसमोर उभी राहून म्हणाली, "अय्या, छान आहे की!"

सासूबाईंनी चादर ओढून तोंड झाकलं नाही. "सुनेनं पसंत केलंय," त्या म्हणाल्या.

मी साखर काढायला आत गेले. वाटी घेऊन परत येताना दारातच थांबले. शेजारणीचं लक्ष मशीनकडे होतं. सासूबाईंनी भांड्यावरचं झाकण आवाज न करता बाजूला ठेवलं, आणि दोन्ही हातांनी भांडं ओठांकडे नेलं.