उघड्या पाठीचा खोका

मित्रांनो, देवळीला बाजाराच्या पटांगणामागे एक दोन खोल्यांचं घर आहे. त्या घराच्या पडवीत सरकीचं पोतं ज्याच्यावर ठेवलेलं असतं, तो जुना सागवानी खोका म्हणजे मी. पोतं ठेवायला मला कोणी बनवलं नव्हतं. माझ्या पोटात अजून बारा इंची स्पीकर आहे. एका इलेक्ट्रिक गिटारचा आवाज माझ्यातून निघत असे.

तुम्ही तशी गिटार पाहिली असेल. ती नुसती छेडली तर शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू येत नाही. तारेची थरथर वायरीतून मशीनमध्ये जाते, मशीन ती मोठी करते आणि मग ती स्पीकरमधून बाहेर पडते. पण स्पीकर नुसता जमिनीवर ठेवून भागत नाही. त्याला घर लागतं. जसं घर, तसा आवाज.

एकोणीसशे सत्त्याहत्तर साली नत्थूजी सुताराने मला बनवलं. एका पडलेल्या गोठ्याचं दार त्याच्याकडे होतं, त्याच्या फळ्या काढून त्याने माझ्या चार बाजू जोडल्या. समोर स्पीकरसाठी गोल भोक पाडलं. पाठ लावायची वेळ आली तेव्हा लाकूड संपलं. माझ्यासोबत त्याने आणखी दोन खोके केले होते, एक आंब्याच्या लाकडाचा लहान आणि एक प्लायवुडचा मोठा, चारी बाजूंनी घट्ट बंद. गिटारला कसा खोका लागतो हे नत्थूजीला माहीत नव्हतं आणि ज्याला तो हवा होता त्यालाही माहीत नव्हतं. म्हणून असं ठरलं की तिन्ही वाजवून पाहायचे, एक ठेवायचा आणि बाकीचे दाणे ठेवायला विकून टाकायचे.

ज्याला हवा होता त्याचं नाव चंद्रभान. तो कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता आणि संध्याकाळी बापूरावांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. बापूरावांचं सायकलचं दुकान होतं आणि ऑर्केस्ट्राचे तेच मालक, तेच गायक. चंद्रभानच्या बायकोचं नाव नलू. लग्नानंतरची काही वर्षं ती प्रत्येक कार्यक्रमाला बायकांमध्ये पुढे बसायची. मग तिला दम लागायला लागला. हृदयाची झडप बिघडली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. ओटा चढली तरी तिचे ओठ निळे पडत. तेव्हापासून घरामागच्या अंगणात खाटेवर तिचा दिवस जायचा.

त्या अंगणासमोरच बाजाराचं पटांगण. ऑर्केस्ट्राचं स्टेज तिथेच बांधत, पण त्याचं तोंड रस्त्याकडे असायचं आणि पाठ या घरांकडे. त्यामुळे खोका नव्हता तेव्हा भोंग्यातून गिटारचा जो आवाज निघायचा तो सगळा पुढे जायचा. एकदा नलू चंद्रभानला म्हणाली, "सारं आयकू येते मले. ढोल येते, पेटी येते, बापूरावचा खोकला बी येते. तुमचंच तेवढं येत नाई."

ती हसत म्हणाली होती, पण चंद्रभानच्या मनात ते बसलं. नवीन खोका त्याला त्यासाठीच हवा होता.

आम्हा तिघांना खासरात, म्हणजे बैलगाडीत, घालून पटांगणावर आणलं तो दिवस मला आठवतो. दुपार होती. स्टेजच्या ओट्यावर आम्हाला मांडलं. बापूराव पुढे रस्त्यापाशी खुर्ची टाकून बसले. मागे अंगणात नलू खाटेवर, आणि कुंपणापाशी शेजारच्या कमलाबाई. नलूला गिटार ऐकू आली तर कमलाबाईंनी हात वर करायचा होता. नत्थूजी एकच स्पीकर काढून आळीपाळीने आमच्यात बसवत होता आणि चंद्रभान प्रत्येक वेळी एकच चाल वाजवत होता. ती जात्यावरच्या ओवीची चाल होती. नलू दळताना ती म्हणायची.

लहान खोका वाजला. पुढे बापूरावांनी नाक मुरडलं, मागे हात वर झाला नाही. मग प्लायवुडचा मोठा वाजला. काय भरदार आवाज होता त्याचा! बापूराव खुर्चीतून उठले आणि हाच घे म्हणून तिथूनच ओरडले. मागे मात्र कमलाबाई नुसत्या उभ्या. मग माझी पाळी आली.

मित्रांनो, स्पीकरचा कागदी पडदा पुढे-मागे हलतो. पुढे जाताना पुढची हवा ढकलतो, मागे येताना मागची. ज्याची पाठ बंद असते त्याचा मागचा आवाज पोटातच दबतो. माझी पाठ उघडी होती. माझा आवाज दोन्हीकडे गेला. चाल अर्ध्यावर आली नसेल तोच कमलाबाईंनी दोन्ही हात वर केले. मागून खाटेवरून नलूही हात हलवत होती. लाकूड कमी पडलं म्हणून मी असा झालो होतो, आणि तेच माझ्या कामी आलं.

बापूरावांना ते पटलं नाही. मागचा आवाज फुकट जातो, असं ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. शेवटी त्यांनी विचारलं, "चंद्रभान, लोक पुढं बसते. मांगं कोण बसते?"

"माही बायको बसते," चंद्रभान म्हणाला.

बापूरावांनी आपली खुर्ची उचलली. मला निवडलं गेलं.

त्यानंतरची काही वर्षं माझी चांगली गेली. नलूने आपल्या जुन्या लुगड्याची मला खोळ शिवली. प्रत्येक कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती चंद्रभानला चुका सांगायची. दुसऱ्या गाण्यात झोपले होते काय, असं विचारायची. तो खोटं खोटं रागवायचा आणि मग दिवसभर खुशीत असायचा. कार्यक्रमाच्या शेवटी तो ती ओवीची चाल वाजवायचा. पुढच्या लोकांना वाटायचं, आता हे लोक सामान आवरायला लागले. ती त्यांच्यासाठी नव्हतीच.

आम्ही बाहेरगावीही जायचो. आर्वीला गेलो, आष्टीला गेलो. तिथे माझ्या पाठीमागे कोणीच नसायचं. आष्टीला तर स्टेजमागे बैल बांधले होते. बापूराव म्हणाले, "पाह्य, बैलं आयकून राह्यले तुयी गिटार." सगळे हसले, चंद्रभानही हसला. पण परत आल्यावर बापूरावांनी नत्थूजीकडून माझ्या मापाची एक फळी कापून घेतली, स्क्रूसकट. ती फळी सामानाच्या पेटीत असायची. बाहेरगावी ते ती लावायला सांगायचे आणि चंद्रभान म्हणायचा, राहू द्या, परत काढायचं विसरीन.

ब्याऐंशी साली नवरात्रात पटांगणावर शारदादेवीची मूर्ती मांडली होती. नलूची तब्येत त्या आधीच्या महिन्यापासून फार बिघडली होती. पायावर सूज होती. तिला आडवं झोपता येत नव्हतं, उशांना टेकून बसवावं लागायचं. डॉक्टरांनी चंद्रभानला बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं आणि तो परत आत आला तेव्हा त्याने सांगितलं, औषध बदललं आहे. नलूने मान हलवली. तिला समजलं होतं, असं मला वाटतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मला न्यायला माणसं आली. चंद्रभान म्हणाला, मी आज जात नाही. तेव्हा नलू थांबून थांबून म्हणाली, "तुमी जा. इथं बसून काय करान? मले आयकू येते. आपली चाल शेवटी वाजवजा."

मी तिला बोलताना ऐकलं ते शेवटचं.

त्या दिवशी कोणी मोठे पाहुणे येणार होते. बापूरावांना कार्यक्रम जोरदार करायचा होता. नलू आता बेशुद्धच असते, असंही त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते वाईट माणूस नव्हते. एका दिवसाने काय होतं, असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी पेटीतून ती फळी काढली, माझ्या पाठीला लावली आणि स्क्रू आवळले. मग मला मागच्या पडद्याला अगदी चिकटवून ठेवलं.

चंद्रभान उशिरा आला. नलूला इंजेक्शन देऊन डॉक्टर जाईपर्यंत तो तिच्याजवळ होता. तो स्टेजवर चढला तेव्हा सगळं मांडून झालं होतं. त्याने गिटार गळ्यात घातली, वायर जोडली आणि तो सुरू झाला. नेहमी तो आधी माझ्या मागे येऊन, पाठ उघडी आहे ना म्हणून, एकदा हात फिरवायचा. त्या दिवशी वेळ नव्हता.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला ओरडता येत नाही. प्रत्येक सूर माझ्या पाठीवर आपटत होता आणि परत माझ्याच पोटात येत होता. पुढे लोक टाळ्या वाजवत होते. गिटार कधी नव्हे इतकी भरदार वाजत होती. पाहुण्यांनी तिची तारीफ केली. चंद्रभानने शेवटी ओवीची चाल घेतली, आणि ती त्याने एकदा नाही, पुन्हा पुन्हा वाजवली. डोळे मिटून वाजवत होता. मागे ढोल गेला असेल. पेटी गेली असेल. माझ्या पाठीतून मात्र काहीच मागे गेलं नाही.

चाल संपली तेव्हा गल्लीतला एक माणूस स्टेजच्या कडेला उभा होता. त्याने चंद्रभानला हाक मारली. चंद्रभान गिटार तिथेच ठेवून गेला. मशीन बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. मी कितीतरी वेळ नुसता गुणगुणत राहिलो.

नंतर बापूरावांच्या माणसांनी मला खोळ घालून घरी आणून ठेवलं. घरात बायका येऊन बसत होत्या. शेवटच्या वेळी नलूजवळ कमलाबाईच होत्या. त्या प्रत्येकाला सांगत, की नलूने सगळा कार्यक्रम ऐकला. चंद्रभानला त्यांनी सांगितलं, "भाऊजी, तिनं सारं आयकलं. तुमची चाल झाली अन् मंगच डोये मिटले."

चंद्रभानने विचारलं, चाल ऐकली? त्या म्हणाल्या, ऐकली. तो पुन्हा विचारायचा. त्या पुन्हा तेच सांगायच्या. तेवढ्यावर तो दोन घास खायचा. तेवढ्यावर त्याला झोप लागायची. मी खोळीच्या आत सगळं ऐकत होतो.

दिवाळी झाली. बापूराव एकदा येऊन बसले. तुळशीच्या लग्नानंतर कार्यक्रम सुरू होतात, येशील का म्हणून त्यांनी हळूच विचारलं. चंद्रभान म्हणाला, येईन. तिला आवडायचं, ती ऐकत ऐकतच गेली, मग वाजवायला पाहिजे. ते ऐकून कमलाबाईंनाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मला पुसायला म्हणून त्याने माझी खोळ काढली. समोरून पुसलं, वरून पुसलं. मग मागे आला.

फळीवर त्याचा हात थांबला. स्क्रूची डोकी नवी होती, चकचकीत. तो खाली बसला. त्या संध्याकाळी गिटार इतकी भरदार का वाजली, पाहुण्यांनी तिची तारीफ का केली, ते त्याला आता समजलं. कमलाबाई पुन्हा पुन्हा तेच का सांगत होत्या तेही समजलं. त्याने पेचकस आणला, एका स्क्रूला लावला आणि तसाच धरून राहिला. मग काढून घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. घरात कोणी नव्हतं. "आता मांगं कोण हाये."

तेवढ्यात कमलाबाई भाजीची वाटी घेऊन आल्या. त्याने घाईघाईने मला खोळ घातली. त्या नेहमीसारख्या बसल्या. बोलता बोलता नलूचा विषय निघाला आणि त्या नेहमीसारखं म्हणाल्या, की बिचारीने शेवटपर्यंत ऐकलं.

"हो वयनी," चंद्रभान म्हणाला, "आयकलं तिनं."

तो पुन्हा कधी वाजवायला गेला नाही. बापूरावांना त्याने कारण सांगितलं नाही. पुढे गावात व्हिडिओ आला, लग्नात टेप लागायला लागली, ऑर्केस्ट्रा मोडला. गिटार भिंतीवरच राहिली आणि तिच्या तारा गंजल्या. माझी खोळ उंदरांनी कुरतडली. कोणीतरी सरकीचं पोतं माझ्यावर ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. न निवडलेल्या त्या दोन खोक्यांचं काम जे झालं असतं, तेच माझं झालं. कमलाबाई अजून येतात. अजून तेच सांगतात. तो अजून हो म्हणतो.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, दुरुस्त करा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. फळी काढलीत तरी तो आवाज आता मागे जाणार नाही. पण तुमच्याही मागे अंगणात कोणी खाटेवर असेल, तर वाजवायला सुरुवात करण्याआधी, कितीही उशीर झाला असला तरी, एकदा उठून मागे जा आणि हात फिरवून पाहा.