अन्सारचा कोट

दौलताबादेत लोक मला 'गांजावाले काकासाहेब' म्हणतात. म्हणोत बापडे. धाग्यासाठी लावलेली, सरकारी परवान्याची भांग आहे, ओढली तर नुसतं डोकं दुखेल, हे सांगून माझी जीभ झिजली.

प्लॉट एका खासगी संशोधन केंद्राचा, मी तिथला माळी. उंच वाढणारा, भरपूर धाग्याचा वाण इथल्या संशोधक अन्सारनं पाच वर्षं निवडून तयार केला आणि रमजानच्या तोंडावर छातीत कळ येऊन गेला. तेहतीस वर्षांचं पोरगं. त्याची बायको सगीरा इथंच तांत्रिक सहायक. नवऱ्यामागं घरात राहायची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपवून ती कामावर आली तेव्हा त्याच्या बियाण्याची अकराच झाडं उभी होती. त्यांनी बी धरलं तर वाण राहणार, नाहीतर अन्सारची पाच वर्षं मातीत.

ती आली ती अन्सारचा खाकी कोट घालून. आमच्याकडं शेडमधला धुतलेला कोट घातल्याशिवाय प्लॉटमध्ये पाऊल टाकायचं नाही, असा नियम आहे.

"काका, धुतला नाय अजून. त्यांचा वास हाये ह्याच्यात," ती म्हणाली.

मी मान फिरवली. एरवी साहेबालाही परत पाठवणारा मी, तिथं मऊ पडलो.

दहा दिवसांत पानांवर बारीक फिकट ठिपके उमटले. पान पांढऱ्या कागदावर झटकलं तर धुळीएवढे कण चालायला लागले. लाल कोळी, पानांचा रस शोषणारी कीड. किडलेली पानं खुडली, उरलेल्या पानांच्या पाठी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतल्या. निंबोळी अर्कानं अंडी मरत नाहीत, म्हणून दर पाचव्या दिवशी पुन्हा मारला. कोळी कमी व्हायचे आणि आठवड्यात परत हजर. तीन झाडं जाळी धरून वाळली. सगीरा रडली नाही. रोज उरलेली आठ मोजायची.

मला खटकली ती ठिपक्यांची जागा. हा कोळी बहुतेक खालच्या पानांपासून वर चढतो. इथं मात्र सुरुवात वाटेकडच्या पानांवर, कोपराच्या उंचीला. जिथं बाही घासते तिथंच.

"भाभी, घरी कोट कुठं टांगता?"

"अंगणात, वालाच्या मांडवाखाली. त्यांची खुंटी हाये ती."

"वाल कसा हाये?"

"लई पिवळा पडलाय," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच कळलं. दोन्ही हात अंगापासून लांब धरून ती तशीच उभी राहिली.

"गरम पाण्यात घालावा लागंल," मी म्हणालो. पहिल्याच दिवशी बोललो असतो तर तीन झाडं वाचली असती.

"कॉलर तेवढी सोडली तर?"

कीड ओळखण्यात माझ्या दोन पावलं पुढं असलेली बाई लेकरासारखं विचारत होती.

"नाय भाभी. कॉलर बी."

तिनं कॉलर नाकाशी धरली. मी उगाच विहिरीवरची मोटार बघायला गेलो. परत आलो तेव्हा कोट बादलीत होता.

वाल उपटला, कोळी हटले. आठांतल्या पाच मादी झाडांनी बी धरलं. काल पहिलं पाकीट भरलं, त्यावर तिनं अन्सारचं नाव लिहिलं. मग शेडमधल्या खुंटीवरचा तो धुतलेला कोट काढून माझ्या हातात दिला.

"तुमीच घाला, काका. आता नुसता कोट राहिलाय."

खांद्यात आवळतो मला. तरी रोज घालतो आणि रोज धुतो.