आदेमारने निवडलेला दिवा

मी मेटल हॅलाइड दिवा बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, माझं सगळं बोलणं खरं धरून चालू नका. ज्या घरात मी जळलो, तिथे कुणाचाच शब्द एका दमात खरा मानायची रीत नव्हती. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही तरी गुण लागतोच.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यातला. जाड काचेच्या आत एक लहानशी नळी, तिच्यात थेंबभर पारा आणि चिमूटभर क्षार, एवढाच माझा जीव. बोटीतून मॉन्टेव्हिडिओच्या बंदरात उतरलो आणि यामांदूच्या दुकानातल्या फळीवर येऊन बसलो. ते दुकान पूर्वी चपलांचं होतं. अजून कातड्याचा वास यायचा. आता तिथे खतं, कुंड्या, पंखे आणि दिवे होते. घरात गांजाची झाडं लावायला सरकारने मुभा दिली, तेव्हापासून यामांदूकडे शाळामास्तरांपासून आजीबाईंपर्यंत सगळे यायला लागले होते.

माझ्या एका बाजूला सोडियमचा पिवळा दिवा, दुसऱ्या बाजूला एलईडीची चपटी पाटी. त्या दोघांना गिऱ्हाईक होतं, मला नव्हतं. "जुना झाला हा प्रकार," असं यामांदू माझ्यादेखत म्हणायचा.

एका सकाळी आदेमार आला. निवृत्त बसचालक, उंच, खांद्यात वाकलेला. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात माते नावाच्या तिथल्या कडू चहाचा पोकळ भोपळा आणि त्यात खोचलेली ओढायची नळी. आत येण्याआधी तो उंबऱ्यावर थांबला आणि त्याने रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहून घेतलं.

"बायकोची बोटं संधिवाताने धरलीत," तो म्हणाला. "जन्मभर शिवणकाम केलं तिने. मलम करायचंय. झाडं घरातच लावणार. गच्ची नको, गच्चीवर चार घरांच्या नजरा असतात."

"मग ही एलईडी न्या, काका. वीज कमी, तापतही नाही."

"एवढी चांगली आहे, तर माझ्या गळ्यात का मारतोयस?"

"चांगली आहे म्हणूनच."

"आतून काय करते ते कळत नाही. मोबाईलसारखी वाटते. नको."

यामांदू हसला. "मग सोडियम. फुलं भरघोस येतात. सगळे हाच नेतात."

"लावून दाखव."

पिवळा उजेड पडला. कोपऱ्यातलं हिरवंगार रोप क्षणात मातकट झालं. आदेमारने आपला हात दिव्याखाली धरला, पालथा केला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"बंद कर. दुसरा."

दुसरा म्हणजे मी. मला पेटायला वेळ लागतो. यामांदू अवघडला, पण आदेमार माते ओढत शांतपणे थांबला. मी पुरता उजळलो तेव्हा त्याने पुन्हा हात धरला. शिरा निळ्या दिसल्या, नखं गुलाबी दिसली, मनगटावरचा जुना व्रण पांढरा दिसला. मग त्याने त्या रोपाचं एक पान उलटून पाहिलं.

"याची कड पिवळी पडलीय."

"खत जास्त झालं," यामांदूने कबूल केलं. "या दिव्याखाली लपत नाही काही. झाडंही ठेंगणी, दाट वाढतात. पण खरं सांगू? फुलांच्या वेळी सोडियमची सर याला नाही. तापतो भरपूर. आणि बाहेरच्या काचेला तडा गेला तर तत्काळ बंद करायचा, नाहीतर डोळे जाळेल."

"फुलं कमी आली तरी चालतील," आदेमार म्हणाला. "समोर काय आहे ते दिसलं पाहिजे."

कुणीतरी आपल्याला निवडलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण हा माणूस माझ्याकडेही असा बघत होता, जणू मी कुणाचा हेर आहे का याची खात्री करून घेतोय.

त्याचं घर एका लांब बोळातलं, एकाला एक चिकटलेल्या घरांपैकी. मागची खोली मुलाची. मुलगा स्पेनला गेला तो तिकडचाच झाला होता. तिथे छताच्या हुकाला मला टांगलं, चोक भिंतीला ठोकला, खाली सहा कुंड्या मांडल्या. खिडकीच्या झडपा लावून घेतल्या. चोक दिवसभर गुणगुणायचा. हिवाळ्यात निबिया, म्हणजे त्याची बायको, माझ्या उबेला विणकाम घेऊन बसायची आणि म्हणायची, "म्हाताऱ्या, तुझ्यापेक्षा हा बरा. निदान ऊब तरी देतो."

झाडांची सरकारदरबारी नोंद करायला आदेमार कितीतरी दिवस तयार नव्हता. "पूर्वी ते नाव शोधत घरी यायचे," तो म्हणायचा, "आता मी आपल्या पायाने जाऊन देऊ?" शेवटी निबियाच त्याला दंडाला धरून घेऊन गेली.

हे "पूर्वी" काय होतं, ते मला हळूहळू कळलं. लष्कराचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. बसच्या डेपोत संप झाला होता. संध्याकाळी काही माणसं मोटारीतून आली. डेपोत सोडियमचे पिवळे दिवे होते. त्या उजेडात आदेमार बसच्या पायरीवर उभा होता आणि खांबाआड उभ्या असलेल्या कुणीतरी त्याची ओळख पटवून दिली. कुणी, ते त्याला दिसलं नाही. पिवळ्या उजेडात सगळे चेहरे सारखेच होते. त्यानंतर बरेच महिने तो तुरुंगात होता. तिथलं तो कधी बोलला नाही. मनगटावरचा व्रण तिथलाच.

पण तो माणूस कोण, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. दार्दो. त्याच डेपोत गाड्यांच्या वेळा लावणारा, आणि नशिबाचा खेळ असा, की आता त्याचाच भिंतीला भिंत लागून शेजारी. चाळीस वर्षं आदेमारने त्याला रामराम केला नव्हता.

"पुरावा काय तुझ्याकडे?" निबिया विचारायची.

"त्याची नजर. माझ्याकडे बघताना खाली जाते."

"तू असा डोळे वटारून बघतोस, माझीही खाली जाते. संशयाला औषध नाही रे बाबा."

असं चाललं होतं. आणि मग ते शनिवार सुरू झाले.

शनिवारी दुपारी आदेमार क्लबात लाकडी गोळ्यांचा खेळ खेळायला जायचा. एका शनिवारी परत येऊन त्याने मागचं दार उघडलं, तर मी विझलेला. भर दुपारी, माझ्या जळायच्या वेळेला. प्लग जागेवर होता, चोक गुणगुणत होता, आणि मी काळा ठिक्कर.

माझा एक स्वभाव आहे. मला विझवलं, की गार होईपर्यंत मी पुन्हा पेटत नाही. कुणी लगेच प्लग खोचला तरी उपयोग नाही. आदेमारला हे ठाऊक होतं. त्याने काचेजवळ हात नेला. मी गरम होतो.

"निबिया, इथे कोण आलं होतं?"

"कोण येणार? वीज गेली असेल."

तो स्वयंपाकघरात गेला. रेडिओवरचं घड्याळ वीज गेली की शून्यावर येऊन लुकलुकत बसतं. ते बरोबर वेळ दाखवत होतं. परत येऊन त्याने झाडांची पानं एकेक करून तपासली. पुढच्या शनिवारी निघताना दाराच्या कडीला काळा दोरा बांधला. परत आला तेव्हा दोरा तुटलेला होता.

आता मला काय माहीत होतं ते सांगतो. मी पेटलेला असताना निबिया दार्दोला आत आणायची. म्हातारा भिंतीला धरून यायचा, माझ्याकडे नजर जाताच डोळ्यांवर हात घ्यायचा. मग निबिया प्लग काढायची. मी विझायचो. गरम असेपर्यंत मला थोडेफार आवाज कळतात. खिडकीची झडप कुरकुरायची, खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि मग निबियाचा हलका स्वर, "द्या, हात द्या इकडे."

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? उजेड घालवून माणसं जे करतात ते चांगलंच असतं, असं मी का मानू? मी आदेमारच्या घरचं मीठ नाही तरी वीज खाल्ली होती. माझ्या मनात नको नको ते आलं.

पुढच्या शनिवारी आदेमार गोळ्यांची पिशवी घेऊन निघाला, आणि कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थोडं थांबून परत फिरला. दार ढकललं, तेव्हा मी नुकताच विझलो होतो.

पुढचं मला दिसलं नाही, निबियाच्या नंतरच्या बोलण्यातून कळलं ते सांगतो. खिडकीपाशी दोन खुर्च्या होत्या. दार्दोने दोन्ही हात पुढे केले होते आणि निबिया त्याच्या बोटांना मलम चोळत होती.

आदेमारने गोळ्यांची पिशवी खाली ठेवली.

"दिवा का बंद?" आदेमारने विचारलं.

"यांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. सोसत नाही उजेड," निबिया म्हणाली. "बायको गेल्यापासून एकटे आहेत. बोटं वळत नाहीत, चमचा धरवत नाही. मलमाने सैल पडतात."

"माझ्या पाठीमागे."

"तुझ्यासमोर करू दिलं असतंस?"

दार्दो उठायला लागला. "मी निघतो, निबियाबाई."

"बस," आदेमार म्हणाला. त्याने प्लग खोचला. चोक गुणगुणला, मी तसाच. "पेटू दे. मग बोलू."

"अरे, खिडकीतून येतोय की उजेड," निबिया म्हणाली.

"तो पुरत नाही."

मी लवकर गार होईना. माझ्या हातात नव्हतं ते. तिघं बसून राहिली. शेवटी निबियाने पाणी गरम करून आणलं. मातेचा भोपळा भरून आधी नवऱ्याला दिला. त्याने ओढला, परत केला. तिने पुन्हा भरला आणि दार्दोपुढे धरला. तीच नळी. आदेमारने तोंड खिडकीकडे वळवलं. पण दार्दोला भोपळा धरवेना. निबियाने तो त्याच्या ओठांशी धरला, आणि ते आदेमारने पाहिलं.

मग माझ्यात ठिणगी पडली. आधी जांभळट, मग हिरवट. निबियाने पुन्हा दार्दोची बोटं चोळायला घेतली. त्याचे डोळे मिटले. आदेमारने खुर्ची त्याच्यासमोर ओढली.

"डेपोत, त्या संध्याकाळी, माझ्याकडे बोट कुणी दाखवलं?"

"बोट नाही," दार्दो म्हणाला. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरत होतं. "त्यांनी विचारलं, पायरीवर उभा आहे तोच का. मी मान हलवली." थोड्या वेळाने म्हणाला, "बायकोला दिवस गेले होते तेव्हा. पण त्याने काय होतं. मान मीच हलवली."

निबियाचे हात थांबले. इतकी वर्षं जिने नवऱ्याला वेड्यात काढलं, तिने दार्दोची बोटं सोडली, अंगावरच्या फडक्याला हात पुसले आणि मलमाच्या डबीला झाकण लावलं.

आदेमार त्या डबीकडे बघत राहिला. मी आता पुरता पांढरा होत आलो होतो. तो उठला, आणि त्यानेच माझा प्लग काढला.

"शनिवारी मी घरी नसतो," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते कळलं नाही. "मी असताना यायचं नाही. शनिवारी यायचं." आणि दारातून निबियाला, "डबी उघड. एकच हात झालाय त्याचा."

त्यानंतर शनिवारी मला विझवलं, की मी मुकाट विझायचो.

दार्दो पुढच्या शरदात गेला. आदेमार अंत्यविधीला आत गेला नाही. समोरच्या पदपथावर टोपी हातात घेऊन उभा होता, असं निबियाने शेजारणीला सांगितलं. आता तरी हा माणूस निवांत होईल असं मला वाटलं होतं. पण थोडेच दिवस गेले, आणि झाडांना पाणी घालता घालता तो म्हणाला, "तो हो का म्हणाला असेल?"

"केलं होतं म्हणून," निबिया म्हणाली.

"की मी विचारायचं थांबावं म्हणून? की मलमासाठी?"

"मलमासाठी माणूस नाही म्हणेल, हो कशाला म्हणेल? म्हाताऱ्या, चाळीस वर्षं तो कबूल करत नाही म्हणून जळलास. आता कबूल केलं म्हणून जळतोस."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला माझी साक्ष हवी होती, हे मला कळलं.

माझी आता उमेद संपलीय. उजेड उतरला, रंग हिरवट पडला. मुलाने स्पेनहून पैसे पाठवून एलईडी घ्यायला लावली. तिच्या जांभळ्या उजेडाला आदेमार रोज शिव्या घालतो, पण झाडं तिच्याखाली बरी आहेत. मी कपाटावर खोक्यात आहे. त्याने मला अजून टाकलेलं नाही. मधूनच काढतो, पुसतो, परत ठेवतो.

तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर एवढं करा, त्याला कचऱ्यात फेकू नका. आमच्या पोटात पारा आहे. असले दिवे गोळा करतात तिथे, काच न फोडता, नेऊन द्या.

आणि आदेमारला माझ्याने सांगवलं नाही, ते तुम्हाला सांगतो. दार्दोच्या गालावरचं पाणी मी अगदी जवळून पाहिलं. पण माझ्या उजेडाने त्याचे डोळे तसेही गळायचेच. ते पाणी त्याचं होतं की माझ्यामुळे आलं होतं, मला आजही ओळखता येत नाही.