फोनवर बोलताना रेडिओ बंद ठेवा

दाढ काढल्यावर चोवीस तास गुळणी करू नये.

मास्तरीणबाईंना पंख्याखालची खुर्ची दिली आहे.

किनाऱ्यालगत समुद्र खवळलेला राहील.

दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस आधी घड्याळ बघतो, मग दरवाजा.

आणखी एकच प्रश्न.

फोनवर बोलताना कृपया आपला रेडिओ बंद ठेवा.

ही सहाही वाक्यं मी एकाच दिवसात ऐकली. चार हवेतून, दोन फोनवरून. आमचं केंद्र देशभर ऐकू जातं आणि त्यावर गाणी नसतात, नुसतं बोलणं. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत माणसं बोलतात आणि मी ड्युटी रूममध्ये बसून ती वेळेवर गप्प बसतात का ते बघते. बसत नाहीत.

६.५०

मामाचा फोन.

"आज नक्की ना?"

"कार्यक्रमपत्रकात आहे मामा. चार पंचेचाळीस."

"पत्रकात चार वेळा होतं."

हे खरं होतं. मामाने अडतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. त्यावरचं त्याचं भाषण आम्ही तीन महिन्यांपूर्वी रेकॉर्ड केलं: तेरा मिनिटं चाळीस सेकंद. ते चार वेळा पत्रकात लागलं आणि चार वेळा रद्द झालं. एकदा कुठल्याशा परिषदेचा समारोप लांबला, एकदा सामना बरोबरीत अडकला, दोनदा आणखी-एक.

आणखी-एक म्हणजे आमचा दुपारचा सूत्रसंचालक. कार्यक्रम संपायला आला की तो म्हणतो, "आणखी एकच प्रश्न," आणि पाच विचारतो.

पाचच्या बातम्या सेकंदावर लागतात, त्यांना धक्का लावायचा नाही. पाहुण्याला मध्येच तोडायचं नाही. मग कापायचं काय? साहेबांचं उत्तर ठरलेलं: "तयार भाषण नासत नाही. ते पुढच्या आठवड्यात लावा." आणि अर्धवटही लावायचं नाही. लावायचं तर पूर्ण, नाहीतर नाही.

"पोरी, मी परत सगळ्यांना बोलावलंय," मामा म्हणाला. "सात माणसं. मागच्या खेपेला शेजारच्या मास्तरीणबाई काय म्हणाल्या माहितीय? 'अहो, तुमचं भाषण लिफ्टमध्ये अडकलंय वाटतं.' अख्खी इमारत हसली. आज लागलं नाही तर मी जिन्यात तोंड दाखवणार नाही."

"लागेल."

"त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली आहे. म्हणजे उठून जाणार नाहीत."

९.१२

सकाळची चर्चा चार मिनिटं लांबली. विषय होता वेळेचं नियोजन.

९.१५ ते ३.५०

माझं हिशोबाचं डोकं सुमार आहे, पण त्या दिवशी मी चारातली दोन मिनिटं चिमटीचिमटीने परत मिळवली. पुस्तक परिचयाआधीची सुरावट अर्धी केली. हवामानवाल्या बाईंना म्हटलं, समुद्र जरा लवकर खवळू दे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू समुद्र मीच खवळवलाय. दोन निवेदनांमधला श्वास काढून टाकला.

"निवेदकाला दम लागला तर?" तंत्रज्ञाने विचारलं.

"लागू दे. तो काय गाणार आहे?"

मामाचे एकूण सहा फोन. खुर्च्या कमी पडल्या. खुर्च्या मिळाल्या. रेडिओ टेबलावर ठेवू की कपाटावर. "मी स्वतः कुठे बसू? समोर बसलो तर आगाऊ वाटेल."

४.०२

आणखी-एकचा कार्यक्रम दोन मिनिटं उशिरा सुरू. पाहुणे दातांचे डॉक्टर, श्रोत्यांचे फोन थेट. फोन आधी माझ्याकडे येतात. प्रत्येकाला मी सांगते: फोनवर बोलताना आपला रेडिओ बंद ठेवा. नाहीतर स्वतःचाच आवाज उलटा येऊन कानात शिट्टी वाजते. दिवसातून चाळीस वेळा सांगते. घरीही सांगते म्हणे, झोपेत.

मामाचं भाषण उशिरात उशिरा चार सेहेचाळीस वीसला सुरू व्हायला हवं होतं.

४.४०

मी काचेतून हात फिरवला: गुंडाळ.

आणखी-एकने मान हलवली आणि डॉक्टरांना विचारलं, "दातांचा आणि मनाचा काही संबंध असतो का?"

"याला मी जिवंत सोडणार नाही," मी म्हटलं.

"आधी माइक बंद होऊ दे," तंत्रज्ञ म्हणाला.

४.४४

तीन श्रोते फोनवर ताटकळत होते. त्यातल्या एका बाईंची दाढ चार दिवस ठणकत होती. मी तिघांचीही लाइन तोडली. हे मी पूर्वी कधी केलं नव्हतं, आणि नोंदवहीत लिहिलंही नाही.

"फोन संपले," मी आणखी-एकच्या हेडफोनमध्ये ओरडले. "एकही नाही!"

"श्रोतेहो, फोन नाहीत," तो हवेत म्हणाला, "तर मीच विचारतो. आणखी एकच—"

तंत्रज्ञाने सुरावट सोडली. बोलणाऱ्याच्या तोंडावर. सोळा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. मी त्याच्या पाया पडायची बाकी होते.

४.४६.१०

"दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस," मामाचा आवाज देशभर म्हणाला, "आधी घड्याळ बघतो, मग दरवाजा."

मी खुर्चीत कोसळले.

४.४७

तक्रारीचा फोन वाजला. तिसऱ्या घंटेच्या आत उचलायचा आणि श्रोत्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं, असा नियम आहे.

"नमस्कार. तक्रार नोंदवायची आहे."

"मामा?"

"कोण मामा? मी श्रोता आहे. घरच्या माणसाला चार वेळा सांगून बघितलं. आता रीतसर. लिहा: चार पंचेचाळीसला भाषण जाहीर होतं. चार सेहेचाळीसपर्यंत दातच चालू होते."

"मामा, रेडिओ लाव! आत्ता!"

"फोनवर बोलताना रेडिओ बंद ठेवायचा असतो, बाई. तुमचाच नियम. मी बंद करून मगच नंबर फिरवला."

मागून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "मग काय, निघायचं का आम्ही?" खुर्ची सरकली.

"भाषण लागलंय! चालू आहे!"

"हे उत्तर मला मागेही मिळालंय. 'लागेल, लागेल.' लिहिताय ना? मुद्दा दोन—"

"मामा, तुझ्या गळ्याची शपथ!"

"आणि तुमच्या मागे कोण सारखं बडबडतंय? आधी ते बंद करा. श्रोत्यांना शिकवता, आणि स्वतः?"

मी रिसीव्हर उचलून भिंतीवरच्या स्पीकरला लावला आणि सात-आठ मिनिटं तसाच धरला. हात भरून आला. स्पीकर सांगत होता की अडकलेल्या माणसाशी बाहेरून काहीतरी बोलत राहावं. काय बोलता याला महत्त्व नाही. तो एकटा नाही एवढं त्याला कळलं की झालं.

मग रिसीव्हर परत कानाला लावला.

"अगं," मामा बारीक आवाजात म्हणाला, "हा कोण माणूस आहे? याला माझ्या सगळ्या गोष्टी कशा माहीत?"

"तूच आहेस तो! लाव रेडिओ!"

काहीतरी पडलं, बहुतेक खुर्ची. "अहो बसा, बसा! मास्तरीणबाई, चप्पल काढा!" मग खरखर, आणि मग माझ्या एका कानात मामा आणि दुसऱ्या कानातही मामा.

घड्याळात चार सत्तावन्न. तीन मिनिटंसुद्धा उरली नव्हती.

५.००

बातम्या.

५.०१

तक्रारीचा फोन.

"ऐकलं सगळ्यांनी?" मी विचारलं.

"शेपूट ऐकलं. मास्तरीणबाई म्हणतात, आवाज तुमचा वाटत नाही हो. कुणीही असेल. सुरुवातीला नाव सांगतात ना? ते कुणी ऐकलंय?" त्याने आवाज खाली आणला. "माझाच मला वाटला नाही, त्यांना काय म्हणू?"

"मग आता?"

"मग काय? मुद्दा तीन लिहा, बाई. भाषण श्रोत्याला पूर्ण ऐकायला मिळालं नाही."

"ते तुझ्यामुळे मामा!"

"कोणामुळे ते विचारायचा रकाना आहे का?"

नव्हता. मी नोंदवही पुढे ओढली. तक्रार: त्याच्याच शब्दांत. श्रोत्याचं नाव: देऊ इच्छित नाही. ड्युटी ऑफिसरचा शेरा लिहायला मी पेन उचललं आणि तेव्हा लक्षात आलं की आमच्याकडे एकदा लागलेलं भाषण पुन्हा लावायला एकच रस्ता आहे. श्रोत्याची लेखी नोंदलेली तक्रार. तीन महिने मी एका तारखेसाठी साहेबांच्या मागे फिरले आणि हा म्हातारा रागाच्या भरात दार उघडून मोकळा झाला होता.

"तक्रार रास्त," मी लिहिलं. "पुनःप्रसारण, गुरुवार, ४.४५."

"गुरुवारी दुपारी त्याआधी कोण असतो?" मामाने विचारलं.

मी नोंदवही मिटली. काचेपलीकडे आणखी-एक डॉक्टरांना दारापर्यंत सोडायला निघाला होता. दारात थांबून त्याने बोट वर केलं.

"मी सगळ्यांना सांगतो मग," मामा म्हणाला. "गुरुवार. नक्की ना?"

मला नंतर कळलं: त्या दिवशी सकाळी साडेसहाला, मला पहिला फोन करण्याआधी, मामाने रेडिओत नवे सेल घातले होते.