चतुराबाईंच्या पायाखालची ऊब

मी बोलतोय. मला ओळखणारे थोडे, कारण मी कुणाला दिसतच नाही. मी एका व्हॅनचा ऑक्सिजन सेन्सर. अंगठ्याएवढा, सायलेन्सरच्या पाइपात नाक खुपसून बसलेला. इंजिनातून येणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हुंगायचं आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायचं, एवढंच माझं काम. मी जास्त म्हटलं की तो पेट्रोल वाढवतो, कमी म्हटलं की घटवतो. याशिवाय मला काही बोलता येत नाही.

व्हॅन जयरामभाऊंची. नाशिकहून वणीला ते पॅसेंजर नेत. दर गुरुवारी त्यांची आई, चतुराबाई, सोबत येई. वणीला तिची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली. तिच्यासाठी ती भाकरीचा डबा नेई. बऱ्या सीटा पॅसेंजरला, म्हणून आई ड्रायव्हरच्या मागच्या छोट्या सीटवर.

"आई, आज गाडी मोकळी हाय. पुढं बस की."

"नको रे. हितंच बरं. पायाला कशी ऊब लागती."

तिच्या पायाखालच्या पत्र्याला एक भोक होतं. त्याचं रबरी बूच कधीच कुजून पडलं होतं. त्याच भोकातून मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं.

दिवाळीच्या सुमारास माझ्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, त्या भोकाच्या बरोबर खाली पाइपला केसासारखी चीर गेली. तिच्यातून बाहेरची हवा आत शिरू लागली. मी इमानाने कळवलं, ऑक्सिजन जास्त आहे. कॉम्प्युटरने पेट्रोल वाढवलं. तरी जास्तच. त्याने आणखी वाढवलं. शेवटी जयरामभाऊंच्या पुढ्यात पिवळा दिवा लागला.

हवा जिथून आत येत होती, तिथूनच धूर बाहेर जात होता. पेट्रोल वाढल्याने तो जास्तच विषारी झाला होता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पंचवटीतल्या गॅरेजात दीपकने स्कॅनर लावला. माझ्या नावाचा, बिघाडाचा कोड निघाला. त्याने तो पुसला, दिवा गेला. चार दिवसांनी पुन्हा लागला. पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा दीपक हसून म्हणाला, "भाऊ, बायकोपेक्षा तुमचंच तोंड जास्त बघतोय मी. एकदा गाडी ठेवून जा, नीट बघतो."

"धंद्याचे दिवस हायेत. तू लाइट घालव फक्त. पॅसेंजर विचारतात, गाडी पेटणार का काय."

दीपकने लाइट घालवली.

गुरुवारी चतुराबाई म्हणायची, "डोकं लय ठणकतंय रे." जयरामभाऊ म्हणायचे, "आई, तुला गाडी लागती. लिंबू हुंग." ते स्वतः तंबाखू थुंकायला काच खाली ठेवत. दिंडोरीला दार उघडे, माणसं उतरत, हवा खेळे. पण आई थेट वणीपर्यंत बसून असे, शाल डोक्यावरून घेऊन.

जानेवारीतला तो गुरुवार कडाक्याचा होता. गाडीत दोघंच. पुढे द्राक्षांचा ट्रक उलटलेला, रस्ता तासभर बंद. बॅटरी कमजोर, गाडी बंद केली तर पुन्हा सुरू होणार नाही, म्हणून जयरामभाऊंनी इंजिन चालूच ठेवलं. आईला थंडी नको म्हणून काचा लावल्या, दार ओढून घेतलं आणि ते ट्रककडे बघायला गेले.

मी ओरडत होतो. जास्त आहे, जास्त आहे. कॉम्प्युटर ऐकत होता आणि पेट्रोल वाढवत होता.

ते परतले तेव्हा आईची मान कलली होती. डबा मांडीवर तसाच, गरम. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय बंद पडलं. सगळ्यांना ते पटलं.

तेरावं झाल्यावर गाडी पुन्हा गॅरेजात आली. दिवा लागलेलाच होता. दीपकने पान्याने मला काढलं आणि नवा सेन्सर बसवला. मी नटबोल्टच्या ताटलीत पडलो. वाटलं, मीच खोटा होतो.

चौथ्या दिवशी व्हॅन परत आली. नवाही तेच सांगत होता.

जयरामभाऊंबरोबर त्यांची शाळकरी मुलगी वेदिका होती. ती गुपचूप पायरीवर बसली, डोकं धरून.

"हिला काय झालं?" दीपकने विचारलं.

"हिलापण आता गाडी लागती. आजीवर गेलीय."

"बसते कुठं?"

"माझ्या आईच्याच जागी. तिथं ऊब लागती म्हणते."

दीपकच्या हातातला स्कॅनर खाली आला. त्याने गाडीखाली पाठ टाकली, इंजिन चालू करायला सांगितलं. साबणाचं पाणी पाइपवर टाकलं. चिरेपाशी फेस आला. मग त्याने जयरामभाऊंचा हात धरला आणि सीटखालच्या भोकावर ठेवला.

जयरामभाऊंनी बराच वेळ हात काढला नाही.

"ऊब," ते एवढंच म्हणाले, आणि गॅरेजच्या जमिनीवर खाली बसले. दीपकही शेजारी बसला. "मी तीनदा तो कोड पुसला, भाऊ," तो म्हणाला. वेदिका विचारत होती, "पप्पा, काय झालं?"

पाइप बदलला, बूच बसवलं. वेदिका आता पुढे बसते म्हणे, काच खाली करून.

मी अजून ताटलीतच आहे. दीपकने मला भंगारात टाकलं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, फक्त लाइट घालव, तर तो आधी माझ्याकडे बघतो आणि मग गाडीखाली शिरतो. मी खोटं बोललो नव्हतो. पण माझ्या बोलण्यावर पेट्रोल वाढत गेलं, हे माझ्या नाकातून जात नाही.

तुमच्या गाडीत तो पिवळा दिवा लागला, तर तो घालवायला सांगण्याआधी एकदा मागं वळून बघा. मागं बसलेल्या माणसाला विचारा, डोकं दुखतंय का.