तीन डोकी, तीन मडकी

मी एक तसबीर बोलतेय. बघणारे मला पुष्कळ मिळाले, विचारणारं कुणी भेटलं नाही. म्हणून आज आपणहूनच सांगते.

माझी पणजी युरोपातली. तीन-साडेतीनशे वर्षांमागं तिकडच्या एका राजवाड्यात लग्न होतं आणि लग्नानिमित्त घोडेस्वारांचे सामने भरले होते. ते बघून एका कारागिरानं तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवलं, सुईनं रेघा ओढल्या आणि पत्रा अ‍ॅसिडात बुडवला. जिथं रेघ, तिथं तांबं खाल्लं गेलं. त्यात शाई भरून वर कागद दाबला, की झाली पणजी. मी तिची नक्कल. कतारमध्ये, दोह्यात इम्रानभाईंच्या फ्रेमच्या दुकानात जाड कागदावर छापली गेले, नुसत्या काळ्या रेघांची. रंग हातानं भरायचे होते. एका हॉटेलाच्या हॉलसाठी अशी चार चित्रं हवी होती.

शिवराज त्या दुकानात फ्रेमा कापतो. त्यानं मला गुंडाळून ओल्ड एअरपोर्ट वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत नेलं, बायकोपुढं ठेवलं.

"बबीता, तीन झाली, हे चौथं. हे नीट उतरलं की पुढचं सगळं रंगकाम तुलाच द्यायचं म्हणालेत इम्रानभाई."

बबीताचा चेहरा बघायला हवा होता. शाळा सातवीत सुटली, लग्न झालं, इथं येऊन पाच वर्षं झाली. 'हे माझं काम' म्हणावं असं तिला पहिल्यांदाच काही मिळालं होतं. माहेरी परभणीकडे पोळ्याला बैलांची शिंगं तीच रंगवायची. माझ्या घोड्यांच्या झुली तिनं अशा रंगवल्या, की त्यांच्या अंगावर ऊन पडल्यासारखं वाटावं.

पण माझ्यात आणखी एक गोष्ट होती. मैदानात तीन खांब, खांबांवर तीन डोकी. फेटे बांधलेली. धावत्या घोड्यावरून ती उडवायची, असा तो खेळ.

त्याच आठवड्यात धुळीचं वारं सुटलं. बबीताच्या लेकीला, साडेपाच वर्षांच्या गौरीला, बाळदमा आहे. पोरगी तापली, छाती भात्यासारखी वाजायला लागली. दुपारी सोफ्यावर पडल्यापडल्या ती म्हणाली, "मम्मा, दोज हेड्स आर लुकिंग अ‍ॅट मी."

बबीतानं ब्रश खाली ठेवला.

ताप आलेलं पोर घरात आणि आपण तिथंच कापलेली मुंडकी रंगवतोय, असं तिच्या मनात आलं. तिनं कुणाला विचारलं नाही. पांढरा पोस्टर कलर काढला, डोक्यांवर जाड थर दिला आणि वर विटकरी रंगाची तीन मडकी काढली. छान गोल, काठाला नक्षी.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. औषधानं उतरला की मडक्यांनी, ते मला ठाऊक नाही. बबीताला मात्र ठाऊक होतं.

दुकानात इम्रानभाईंनी मला टेबलावर पसरलं. ते मूळचे दापोलीचे. चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.

"शिवराज, वहिनींनी ही काय दहीहंडी मांडलीन रे?"

 शिवराजनं खरं ते सांगितलं.

"अरे, लाकडाची डोकी आहेत ती. खेळातली," इम्रानभाई म्हणाले. "गिऱ्हाइकाला जुनं आहे तसंच पाहिजे. हा दुसरा कागद घे. गुरुवारपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस बघतो. खलास."

नवा कागद आणि नमुन्याला मी, अशा दोघी घरी आलो.

"लाकडाची आहेत गं," शिवराजनं समजावलं.

"लाकडाची असली तरी माणसाचीच ना? अन् फेटेवाल्या माणसाची. तुमच्या आबांसारखी."

"मग काम सोडतेस का?"

 माणसांचं मी एक बघितलंय. एका भीतीला ती तोंड देतात, पण दोन भीती दोन्ही हात धरून ओढायला लागल्या की जागीच बसतात. लेकीला काही झालं तर? आणि काम गेलं तर? दोन दिवस ती तशीच बसली.

मग तिनं कागदाचे तीन कपटे कापले, नव्या चित्रातल्या डोक्यांवर झाकले आणि बाकीचं सगळं रंगवून काढलं. गुरुवारी गौरी शाळेच्या बसमध्ये चढल्यावर ती आम्हा दोघींना घेऊन नवऱ्याबरोबर दुकानात आली.

"इम्रानभाई, डोकी मी घरात रंगवणार नाही. इथं बसून रंगवते. चालेल?"

"मला काय, छतावर बसून रंगवा!" ते हसले आणि त्यांनी स्टूल पुढं सरकवलं.

दोन तास मान वर न करता ती रंगवत होती. मी शेजारीच होते. काम झाल्यावर ती मागच्या नळावर गेली. हात धुतले, पाय धुतले, डोळ्यांना पाणी लावलं, मयताहून आल्यावर धुतात तसं. शिवराज ओशाळून म्हणाला, "अगं, इथं कशाला?"

"घरी नेऊ का मग?"

 इम्रानभाईंनी खुंटीवरचा धुतलेला पंचा तिच्या हातात दिला. नंतर चित्रावर वाकून बराच वेळ बघितलं आणि काचेखाली घातलं. पुढच्या सहा चित्रांची गुंडाळी शिवराजच्या काखेत आली.

मी विकायच्या कामाची उरले नव्हते. ना काच, ना फ्रेम, चिकटपट्टीनं बबीताच्या घरी फ्रिजशेजारी लावलीय मला. आमटीची वाफ लागून एक घोडा पिवळा पडलाय. माझी तक्रार नाही. मी चुकलेली नक्कल आहे, पण एका आईला माझ्यामुळं झोप लागली.

एवढंच मागते. कधी त्या हॉटेलात गेलात, तर माझ्या बहिणीपुढं घटकाभर थांबा. झुली बघून पुढं जाऊ नका, खांबांपाशी या. तिथं बबीतानं मुकाट्यानं आपलं म्हणणं लिहून ठेवलंय. डोकी जशीच्या तशी आहेत, फेटे जसेच्या तसे. फक्त तिघांच्याही गालांवर गुलाबी रंग आहे, नुकत्याच उठलेल्या पोराच्या गालांवर असतो तसा.