ए नावाचा नातू

नाव कसं तोंडभर असावं. माझं गॉबनेट. तरुणपणी लंडनला कामाला होते तेव्हा तिथल्या मुली ऐकून पोट धरून हसायच्या, पण विसरली एकही नाही. माझ्या नवऱ्याचं बार्थॉलोम्यू. त्याच्या आजोबांचं तेच, आणि त्यांच्या आजोबांचंही तेच. आमच्या आयर्लंडात, केरीत, पहिला मुलगा झाला की त्याला बापाच्या बापाचं नाव. यात कोणाला विचारायचं काय असतं? सगळं गाव नवऱ्याला बार्टी म्हणतं, ते सोडा.

म्हणून ताइग, माझा मुलगा, स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, बाळाचं नाव ठरलं. ए," तेव्हा मी म्हटलं, "काय रे?"

"ए."

"अरे बोल की, ऐकतेय मी."

"अगं तेच नाव आहे!"

माझे हात कणकेत होते म्हणून तो वाचला. "हे नाव आहे? रस्त्यात कोणी 'ए' म्हटलं तर सगळं गाव मागे वळून बघेल!"

"जुनं आयरिश नाव आहे, आई. अर्थ विस्तव."

"मग घाल चुलीत!"

सॉरका, माझी सून, बाळाला खांद्यावर थोपटत होती. "गॉबनेट, आयरिशमध्ये लिहायला चार अक्षरं आहेत हो," ती म्हणाली.

"पण बोलायला एकच. तेही शिंक अडकल्यासारखं."

"आमच्या उत्तरेकडे, डोनेगॉलला तर त्याला 'ई' म्हणतात."

"ई? अगं, बाळाला हाक मारतात की शेणात पाय पडतो तुमच्याकडे?"

ती एवढी हसली की बाळ जागं झालं. पोरगी गुणाची आहे, हे मात्र खरं. ताइग हसला नाही. त्यानं खिडकीशी बसलेल्या बापाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आई, बाबांना म्हणता येईल असं नाव हवंय आम्हाला."

गेल्या हिवाळ्यात बार्टीला अर्धांगाचा झटका आला. हात परत आला, काठी घेऊन पायही आला, वाचा नाही आली. बोलून बोलून दुसऱ्याचा चहा गार करणारा माणूस तो! त्याच्याजवळ उरला एक आवाज, 'ए'. चहा हवा, ए. कुत्र्याला बाहेर सोड, ए. मला हाक मारायची तरी ए. बार्थॉलोम्यू तर तो आता जन्मात म्हणू शकणार नव्हता, आणि नातवाचं नाव ठेवायला निघालेल्या मला हे सुचलंसुद्धा नव्हतं.

तरी माझा पीळ जाईना. "तो पावसालाही ए म्हणतो," मी म्हटलं. "पोराला हाक मारली की ढगाला, कळणार कसं? आणि त्याच्या लुळ्या जिभेचं नाव पोराला दिलं म्हणून गाव हसेल. माझ्या माणसाला कोणी हसलेलं मला चालायचं नाही."

"बाबांनाच विचारू," सॉरका म्हणाली. तिनं बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. "बार्टी, याचं नाव ए ठेवायचंय. चालेल ना तुम्हाला?"

बार्टी बाळाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले. तोंडातून मात्र अक्षर निघालं नाही, नेहमीचंसुद्धा नाही.

"बघा," मी म्हटलं. "लाजवलंत त्याला. रविवारी चर्चमध्ये फादर स्कॅनलन पाणी शिंपडून नाव ठेवणार. तोवर यानं पोराला एकदा जरी ए म्हटलं तर तुमचं खरं. नाहीतर बार्थॉलोम्यू." ताइगनं मान डोलावली.

त्या संध्याकाळी बार्टीनं 'ए' म्हणून चहा मागितला नाही, काठीनं जमीन ठोकली. कुत्र्यासाठी वाकड्या तोंडानं शीळ घालायला गेला, नुसती हवा निघाली. मला वाटलं, रुसलाय. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी मुद्दाम त्याचा कप लांब ठेवला, दार उघडं टाकून गारठा आत घेतला. रागावून तरी ए म्हणेल! त्यानं काठी आपटली, माझ्याकडे डोळे वटारले, आवाज नाही. होता तो एक आवाजही माझ्या हट्टापायी गेला, असं वाटून मी गोठ्यामागे जाऊन रडले.

शनिवारी कपडे वाळत घालून आत आले, तर पाळण्यात बाळ रडत होतं आणि बार्टी त्याच्यावर वाकला होता.

"ए," तो म्हणाला. अगदी हळू. मग जरा लाडात, "एऽ." मग दटावून, "ए!" बाळ रडतच होतं, पण बार्टीचा चेहरा पाहायला हवा होता.

त्यानं मला पाहिलं आणि काठीनं चहाची किटली दाखवली.

"वाचा आहे ना शाबूत? मग नीट माग," मी म्हटलं. "ए म्हण."

त्यानं मान हलवली. नाही. बाळाच्या छातीवर बोट ठेवलं, आणि पुन्हा मान हलवली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. रुसला नव्हता मेला. नाव पोराचं, म्हणून त्यानं ते दुसऱ्या कशालाही वापरायचं सोडलं होतं. लोक नातवाच्या नावावर जमीन करतात. याच्याजवळ एकच शब्द उरला होता, तो त्यानं नातवाच्या नावावर करून टाकला.

इतका आनंद झाला मला, आणि खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटला. कालपर्यंत त्या शब्दात मीही होते.

"आणि मला रे? मला काय म्हणून हाक मारणार आता?" मी डोळे पुसत विचारलं.

बार्टीनं जरा विचार केला. मग काठी उचलून जमिनीवर दोनदा टेकवली, चहाला आपटायचा तशी नाही, हलकेच.

"आले रे बाबा," मी म्हटलं.